नियम आधी, फासा नंतर



या अंकात आम्ही निकाल, उपस्थिती किंवा गणवेश यांबद्दल लिहिणार नाही. लिहिणार आहोत ते एका खेळाबद्दल. गेल्या पावसाळ्यापासून आपल्या शाळेतील आठवी-नववीची काही मुले-मुली मधल्या सुट्टीत वही, पेन्सिल आणि चार चिंचोक्यांच्या डाळी घेऊन गोल करून बसतात. त्यांच्या वहीत मंत्र आहेत, शक्ती आहेत, जादूगार आहेत. काही पालकांनी याबद्दल शाळेकडे लेखी नाराजी कळवली आहे. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय ठेवला आहे. खेळ बंद करावा, की त्याला शाळेत रीतसर जागा द्यावी, असा प्रश्न आहे. आमचे मत आहे की जागा द्यावी, मात्र काही अटी घालून. हे मत कशावरून बनले ते सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम खेळ काय आहे ते पाहू. पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो : जंगल आहे, नदीला पूर आहे, पलीकडच्या गावात ताप पसरला आहे. बाकीचे प्रत्येक जण एक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करील ते बोलून सांगतात. ते जमले की नाही हे फासा ठरवतो. यात पट नसतो आणि सोंगट्याही नसतात. हरणे-जिंकणेही फारसे नसते. मिळून रचलेली एक गोष्ट असते. या प्रकारचा पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो रचला. आपल्या मुलांपैकी काहींनी त्याबद्दल कुठेतरी वाचले. विकतचा खेळ महाग, म्हणून त्यांनी स्वतःचाच बनवायला घेतला. आमच्या मते या गोष्टीतला सर्वांत चांगला भाग हाच आहे. आयता खेळ खेळणे वेगळे आणि त्यातल्या जादूचे नियम स्वतः बसून लिहिणे वेगळे.

पालकांचे आक्षेप तीन आहेत. एक, अभ्यास बुडतो. दोन, हे परदेशी फॅड आहे. तीन, आणि हा सर्वांत गंभीर : ज्या भागात अजूनही अंगारे-धुपारे आणि भूतबाधा यांचा पगडा आहे, तेथे शाळेनेच मुलांच्या हाती मंत्र द्यावेत काय? तिसरा आक्षेप घेणारे पालक विचारी आहेत, म्हणून त्याचे उत्तर आम्ही सावकाश देणार आहोत.

आपल्या गोष्टींतील जादू

जादूचा नियम म्हणजे काय हे समजायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपल्या घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या महाभारताच्या कथा पाहा. कर्णाला इंद्राने शक्ती दिली, पण अट अशी की ती एकदाच वापरता येईल. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. घटोत्कचाने कौरवसेनेचा असा काही संहार मांडला, की ती त्याच्यावर टाकावी लागली. त्या एका अटीमुळे पुढचे सारे युद्ध बदलले. परशुरामाकडून मिळालेली अस्त्रविद्या ऐन वेळी आठवणार नाही, हा शापही एक नियमच. अश्वत्थाम्याला ब्रह्मास्त्र सोडता येत होते, परत घेता येत नव्हते. अर्जुनाला दोन्ही येत होते. म्हणजे अस्त्र तेच, पण शिक्षण अपुरे राहिले की काय होते ते व्यासांनी दाखवले.

कच-देवयानीची कथा तर नियमांची परीक्षाच आहे. खाडिलकरांचे 'विद्याहरण' हे १९१३ सालचे नाटक याच कथेवर बेतलेले. दानवांनी कचाला मारून, जाळून त्याची राख शुक्राचार्यांना मद्यातून पाजली. आता संजीवनीने कचाला जिवंत करावे तर गुरूचे पोट फाडून तो बाहेर येणार, म्हणजे गुरू मरणार. मार्ग एकच उरला : पोटातल्या शिष्यालाच विद्या शिकवायची, त्याने बाहेर येऊन गुरूला उठवायचे. नियम कोणी मोडला नाही, आणि तरीही वाट निघाली. पुढे देवयानीने शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणाला, मी जिला शिकवीन त्याला तरी फळेल. पुन्हा नियम पाळूनच काढलेली वाट!

याच्या उलट भस्मासुर. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म व्हावा, असा वर मिळाला आणि त्याला मर्यादा काहीच नव्हती. पहिला धोका वर देणाऱ्यालाच झाला. हिरण्यकशिपूने मात्र वकिलासारखा वर मागितला : दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. नृसिंहाने प्रत्येक दोन शब्दांमधली फट शोधली. संध्याकाळ, उंबरठा, अर्धा नर आणि अर्धा सिंह. नियम लिहिताना शब्द किती जपून वापरावा लागतो याचा याहून चांगला धडा आम्हांला ठाऊक नाही.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या दिवसांत आम्ही देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' वाचली. ती १८८८ सालची. पुढे १९९० च्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका आली, ती आजच्या पालकांनी लहानपणी पाहिली असेल. त्या कादंबरीतला तिलिस्म म्हणजे रचलेले मायाघर. आत कसे शिरायचे, कुठली कळ फिरवायची, हे एका पुस्तकात लिहिलेले असते. ऐयारांचे चमत्कार म्हणजे वेषांतर, बेशुद्धीची पूड आणि हुशारी. वाचक पान सोडत नाही, कारण या मायेलाही आतून रचना आहे हे त्याला कळत असते.

जगातील खेळकर्त्यांनी काय केले

अमेरिकेतील त्या पहिल्या खेळाने जादूची एक पद्धत जॅक व्हान्स या लेखकाच्या 'द डायिंग अर्थ' या १९५० च्या पुस्तकावरून घेतली. जादूगार सकाळी मंत्र पाठ करतो. एकदा म्हटला की तो मनातून पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा पाठांतर. त्यामुळे आज कोणते मंत्र सोबत न्यायचे हे सकाळीच ठरवावे लागते, जसे प्रवासाला निघताना पिशवीत काय भरायचे ते ठरवतो. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत ज्या वस्तूचे खरे नाव माहीत आहे तिच्यावरच जादू चालते. म्हणजे तेथे जादूगाराचे काम मुख्यतः अभ्यासाचे.

आम्हांला शिक्षक म्हणून सर्वांत आवडली ती 'आर्स मॅजिका' या १९८७ च्या खेळाची पद्धत. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी ती रचली. त्यात पाच क्रियापदे आणि दहा नामे आहेत, सर्व लॅटिन भाषेतील. एक क्रियापद आणि एक नाम जोडले की मंत्र तयार होतो. पाच आणि दहा शब्दांतून पन्नास जोड्या मिळतात. मंत्रांची लांबलचक यादी पाठ करायची गरजच नाही. व्याकरण आले की जादू आली!

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन कादंबरीकाराने २००७ मध्ये एक विचार मांडला, तो थोडक्यात असा : वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल, तितकेच लेखकाने त्या जादूने संकट सोडवावे. नाहीतर वाचकाला फसवल्यासारखे वाटते. पुढे त्यांनी असेही म्हटले की जादूला काय करता येते त्यापेक्षा काय करता येत नाही हे अधिक रंजक असते. कर्णाची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

आपल्या मुलांनी काय रचले

आता आपल्या शाळेतील वहीकडे येऊ. मुलांनी लॅटिनऐवजी मराठी घेतली. क्रियापदे पाच : जाण, सांभाळ, बदल, मोड, कर. नामे आठ : पाणी, माती, झाड, वारा, आग, प्राणी, शरीर, मन. एकूण चाळीस मंत्र. 'आग मोड' म्हणजे वणवा विझवणे. 'झाड जाण' म्हणजे कोणते झाड औषधी आणि कोणते विषारी ते ओळखणे. 'माती सांभाळ' म्हणजे पुरात बांध वाहून जाऊ न देणे. एका मुलाने विचारले की 'वारा कर' आणि 'वारा बदल' यांत फरक काय. त्यावर अर्धी सुट्टी वाद झाला. शेवटी ठरले की जे नाही ते आणणे म्हणजे करणे आणि जे आहे त्याचे वळण फिरवणे म्हणजे बदलणे. व्याकरणाच्या तासाला शब्दार्थावर इतकी चर्चा झालेली आम्ही तरी पाहिलेली नाही.

प्रत्येक जादूला किंमत आहे. किमतीचे नाव त्यांनी 'ओंजळ' ठेवले. प्रत्येक पात्राजवळ एक घागर, तिच्यात जास्तीत जास्त बारा ओंजळी पाणी. जाण आणि सांभाळ यांना एक ओंजळ, बदल आणि मोड यांना दोन, कर याला तीन. नामांचेही तसेच : पाणी, माती, झाड एकेक, वारा, आग, प्राणी दोन-दोन, शरीर आणि मन तीन-तीन. दोन्हींची बेरीज म्हणजे मंत्राची किंमत. 'झाड जाण' दोन ओंजळींत होते. 'शरीर कर', म्हणजे तुटलेले हाड नव्याने जोडणे, सहा ओंजळी खाते. असा मंत्र दोनदा म्हटला की घागर रिकामी. जाणणे आणि सांभाळणे स्वस्त, नव्याने उभे करणे महाग, हा हिशेब मुलांनी आपणहून लावला. घर चालवणाऱ्या कोणत्याही आईला तो ओळखीचा वाटेल.

घागर भरायची कुठून? येथे मुलांनी आपली दमणगंगा आणली. ही नदी नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, मधुबन धरणात अडते, आपल्या भागातून जाते आणि दमणला समुद्राला मिळते. त्या धरणाचे पाणी गुजरात, आपला दादरा नगर हवेली आणि दमण यांच्यात वाटले जाते. मुलांनी नियम केला की रोज सकाळी सर्वांना मिळून चाळीस ओंजळीच मिळतील. खेळाडू पाच. सर्वांना बारा-बारा हव्यात तर साठ लागतील. म्हणजे प्रत्येक जण आपली घागर काठोकाठ भरू लागला तर शेवटच्याला काहीच मिळणार नाही. पहिले तिघे भरून घेतील तर छत्तीस संपल्या, चार उरल्या आणि तहानलेले दोघे. पहिल्या काही दिवसांत नेमके तेच झाले. भांडणे झाली, एक गट फुटलाही. मग त्यांनीच वाट काढली : काल जो शेवटी भरला तो आज पहिला भरेल. मोठी मंडळी याला पाळी म्हणतात. धुळे-नाशिक भागात पाटाचे पाणी वाटण्याची जी जुनी फड पद्धत आहे, तिच्यामागेही पाणी सर्वांचे आणि पाळी ठरलेली, हाच विचार. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा त्या मुलखातून इकडे आले. नातवंडांनी तीच गोष्ट जादूच्या खेळात पुन्हा शोधून काढावी, याचे आम्हांला कौतुक वाटते.

फासा म्हणून चिंचोके. चिंचोका मधोमध फोडला की दोन डाळी होतात. आतली बाजू पांढरी, बाहेरची तपकिरी. चार डाळी टाकायच्या आणि पांढऱ्या मोजायच्या. चार डाळी सोळा प्रकारांनी पडू शकतात. चारही पांढऱ्या पडण्याचा प्रकार एक, तीन पांढऱ्या पडण्याचे चार, दोन पांढऱ्यांचे सहा, एका पांढरीचे चार आणि एकही पांढरी नसण्याचा एक. मुलांनी आधी नियम केला की मोठ्या जादूला चारही पांढऱ्या हव्यात. म्हणजे सोळांत एकदा. तेव्हा मोठी जादू कोणी करूनच पाहीना. मग नियम बदलला : दोन ओंजळींच्या मंत्राला किमान एक पांढरी, तीन-चार ओंजळींच्या मंत्राला किमान दोन, पाच-सहा ओंजळींच्या मंत्राला किमान तीन. त्यामुळे साधा मंत्र सोळांतून पंधरा वेळा साधतो, मधला अकरा वेळा, मोठा पाच वेळा. चारही तपकिरी पडल्या तर जादू उलटते. हा सर्व संभाव्यतेचा धडा आहे. चिंचोका खरोखर निम्मा-निम्मा पडतो का, हा पुढचा प्रश्न एका मुलीने विचारला. त्याचे उत्तर टाकून आणि मोजूनच मिळेल. ती मोजणी आता गणिताच्या वहीत चालू आहे.

एक प्रसंग विशेष सांगण्यासारखा. 'मन बदल' या मंत्राने एका मुलाने दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला आपल्या मर्जीप्रमाणे वागायला लावले. जिचे पात्र होते ती मुलगी म्हणाली, "माझ्या पात्राचे मन तूच ठरवणार असशील तर मी इथे कशाला बसले?" वर्गात शांतता पसरली. त्यानंतर नियम लिहिला गेला : दुसऱ्या खेळाडूच्या पात्राचे मन त्याच्या परवानगीशिवाय बदलता येणार नाही. हा नियम कोणा शिक्षकाने सुचवलेला नाही.

अंधश्रद्धेचा आक्षेप

आता तिसऱ्या आक्षेपाकडे येऊ. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि चमत्कारांमागची कारणे गावोगाव समजावून सांगितली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. शेजारच्या गुजरातेतही २०२४ मध्ये अशा प्रकारचा कायदा संमत झाला. या विषयाची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली आहे. म्हणून पालकांची काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही.

परंतु भोंदू बाबा आणि हा खेळ यांत फरक कोणता ते नीट पाहावे. भोंदू बाबा आपल्या शक्तीचा नियम कधीही आधी सांगत नाही. ताप उतरला तर त्याचा अंगारा, नाही उतरला तर तुमची श्रद्धा कमी पडली. फासा पडल्यावर तो नियम बनवतो, आणि दर वेळी नवा बनवतो. म्हणून तो कधी हरत नाही. मुलांच्या खेळात नियम आधी लिहावा लागतो, सर्वांच्या समोर, एकाच वहीत. मग फासा पडतो. दोनच पांढऱ्या आल्या आणि तीन हव्या होत्या, तर मंत्र फसला. सूत्रधाराचा जिवलग मित्र असला तरी फसला. वर्षभर असा खेळ खेळलेले मूल उद्या एखाद्या बाबासमोर उभे राहिले, तर त्याच्या तोंडून आपोआप प्रश्न येईल : "तुमचा नियम काय? आधी सांगा. आणि चुकला तर मान्य कराल का?" अंधश्रद्धेवर याहून साधे औषध आम्हांला दिसत नाही.

दुसरे असे की ज्याने स्वतः मंत्र बनवला, त्याला मंत्र कसे बनतात हे कळते. पाच शब्द आणि आठ शब्द आपणच निवडले हे त्याला ठाऊक असते. स्वयंपाकघरात वावरलेल्या माणसाला हॉटेलच्या पदार्थाचे गूढ वाटत नाही, तसेच हे.

अमेरिकेतही १९८० च्या दशकात पालकांनी अशा खेळांना सैतानी ठरवून मोठा विरोध केला होता. ती भीती कालांतराने ओसरली. परदेशी फॅड या आक्षेपाबद्दल एवढेच सांगतो की खेळातून विचार शिकवणे आपल्याला नवे नाही. सापशिडीचे जुने रूप जो मोक्षपट, तो ज्ञानेश्वर महाराजांनी रचला असे परंपरा मानते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत.

आमच्या अटी

तरीही खेळ आहे तसाच चालू द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. मुलांच्या पहिल्या वहीत खलनायकाचे नाव 'भगत' होते आणि एका पात्राला 'भुताळी' म्हटले होते. हे दोन्ही शब्द आम्ही काढायला सांगितले आणि कारणही सांगितले. आपल्या शाळेत वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांतील मुले शिकतात. भगत हा त्यांच्या गावातला, कदाचित घरातलाही माणूस आहे. तो पूजा करतो, विधी करतो, झाडपाला जाणतो. साप चावला तर भगताकडे न थांबता तडक सिल्वासाच्या रुग्णालयात जावे, हे आम्ही वर्गात स्पष्ट सांगतो आणि सांगत राहू. पण कोणाच्या नात्यातल्या माणसाला खलनायक करून त्यावर हसणे हे विज्ञान नव्हे. आणि भुताळी हा शब्द तर खेळण्याचा नाहीच. आदिवासी पट्ट्यात त्या एका शब्दामुळे बायकांना मारहाण झाली आहे, गाव सोडावे लागले आहे, जीवही गेले आहेत. अमुक व्यक्ती करणी करते असे जाहीर करणे हा महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आपण केंद्रशासित प्रदेशात राहतो, तो कायदा येथे लागू नाही. पण माणुसकीला राज्याची हद्द नसते. म्हणून पहिली अट : कोणत्याही समाजाची जिवंत श्रद्धा, देव किंवा माणूस खेळातील जादू होणार नाही, आणि कोणालाही चेटकीण ठरवण्याचा प्रसंग गोष्टीत येणार नाही.

दुसरी अट इतिहासाची. एका गटाला नरोली मुक्तीच्या लढ्यावर खेळ करायचा होता. कल्पना चांगली होती, पण मंत्राने पोर्तुगीज पळवून लावायचे ठरले होते. २८ जुलै १९५४ रोजी भर पावसाळ्यात कार्यकर्ते येथील पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि नरोली मुक्त झाली. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. ती माणसे होती. भीती त्यांनाही वाटली असेल, आणि त्यांच्या घागरीत कोणतीही जादू नव्हती. तेथे मंत्र घातला की त्यांचे धैर्य वजा होते. तो खेळ जरूर खेळा, पण जादूची वही बाजूला ठेवून.

तिसरी अट वेळेची. आठवड्यातून एकदा, शनिवारी शेवटच्या तासाला खेळ होईल. परीक्षेच्या महिन्यात वही शाळेच्या कपाटात राहील. पैसे लावणे नाही, मोबाईल नाही, विकतचे साहित्य नाही.

चौथी अट वहीची. प्रत्येक गटाने आपले नियम शुद्ध मराठीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवावेत. नियम बदलायचा असेल तर खेळ संपल्यावर, सर्वांच्या संमतीने आणि तारीख घालून बदलावा. डाव चालू असताना नियम बदलणार नाही. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? म्हणून सूत्रधारालाही हाच नियम लागू राहील आणि सूत्रधार दर आठवड्याला बदलेल.

अभ्यास बुडतो या आक्षेपाचे खरेपण आम्ही नाकारत नाही. काही मुले खेळात इतकी रमतात की तास सुरू झाल्याची घंटा त्यांना ऐकू येत नाही. या खेळाने गुण वाढतील असे आश्वासनही आम्ही देणार नाही. मोठ्या आवाजाची मुले सूत्रधार होऊन बसतात आणि अबोल मुले बाजूला पडतात, हेही दिसते. या गोष्टींवर शिक्षकांना लक्ष ठेवावे लागेल, आणि ते काम वाढीव आहे. तरीही गुपचूप, पायरीखाली बसून चालणाऱ्या खेळापेक्षा शिक्षकांच्या नजरेसमोर, वहीत नियम लिहून चाललेला खेळ केव्हाही बरा.

विश्वस्त मंडळास विनंती की बैठकीपूर्वी एका शनिवारी येऊन अर्धा तास बसावे. पालकांनीही यावे. चिंचोके भरपूर आहेत, आणि गटात एक जागा नेहमीच मोकळी ठेवलेली असते. आक्षेप असेल तो वहीतल्या नियमांवर बोट ठेवून मुलांनाच विचारावा. त्यांची उत्तरे ऐकून मग मंडळाने निर्णय द्यावा. जो निर्णय होईल तो आम्ही आणि मुले दोघेही पाळू.

मुलांनो, तुमच्यासाठी एकच काम. तुमच्या वहीत 'मन सांभाळ' हा मंत्र चार ओंजळींचा आहे आणि 'मन बदल' पाच ओंजळींचा. या दोन मंत्रांत फक्त एकाच ओंजळीचा फरक का, याचे उत्तर गटात चर्चा करून पुढच्या अंकासाठी दहा ओळींत लिहून आणा. हिशेब चुकला असे वाटले तर नियम बदला. मात्र डाव सुरू होण्याआधी.